बिनतारी होडीच्या तारा

‘बिनतारी’ हा शब्द ऐकला म्हणजे पुष्कळ मुलांची अशी समजूत होते कीं, दुरून चालविण्याच्या खेळांतील होडीला तारा नसतातच. कांठावर उभ्या असलेल्या मुलाच्या हातांतील पेटी आणि पाण्यावरील होडी यांच्यामध्यें तार नसते, हें खरें आहे. परंतु त्या पेटीच्या पोटांत व होडीच्या पोटांत तारांचें एकेक लहानसें जाळें असतें, आणि जुनी होडी बंद पडते ती बहुधा या जाळ्यांत कोठें तरी बिघाड झाल्यानें. हवेंतून जाणाऱ्या अदृश्य लहरींना आपण उगाच दोष देतों; खरा अपराधी बोटाच्या पेराएवढा, हिरवा पडलेला तांब्याचा सांधा असतो.

अशी एकादी होडी आपल्या गांवांतील घरांतही सांपडते. मुंबईच्या मामांनीं किंवा आखातांत नोकरीला असलेल्या काकांनीं ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं आणलेली असते. दोन उन्हाळे ती चालते, तिसऱ्या वर्षीं बटण दाबूनही हलत नाहीं, आणि मग माळ्यावर जाते. पुढें एका दिवाळीच्या साफसफाईंत ती भंगारवाल्याच्या तराजूंत पडते. तिची मोटर, पंखा, सुकाणू सारें धड असतें. वीतभर तारेसाठीं सगळी होडी टाकून दिली जाते. ही नासाडी टाळतां येते. ती कशी टाळावी, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना क्रमवार सांगावें, एवढा या लेखाचा हेतु आहे.

दुरून होडी चालविण्याची कल्पना फार जुनी आहे. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युल्लहरी भिंतीपलीकडे धाडून घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत्-प्रदर्शनांत निकोला टेस्ला यांनीं पाण्याच्या हौदांत एक लहान होडी सोडली आणि तिला स्पर्श न करतां चालवून दाखविली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं त्यांना अमेरिकेंत या शोधाचें ६१३८०९ क्रमांकाचें पेटंट मिळालें. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. परंतु टेस्लांच्या होडींत होतें काय? एक बॅटरी, पंखा फिरविणारी एक मोटर, सुकाणू वळविणारी दुसरी मोटर, लहरी ओळखणारें एक साधन, आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा. तुमच्या माळ्यावरच्या होडींतही हींच पांच अंगें आहेत. चमत्काराची भीति एकदां गेली, म्हणजे दुरुस्तीला हात घालण्याचें धैर्य येतें.

आतां तुमच्या होडीचें काम कसें चालतें, तें पाहूं. हातांतील पेटीला आपण प्रेषक म्हणूं. दुकानदार तिला ट्रान्समिटर म्हणतो. जुन्या संचांत ती बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडते. या लहरींची लांबी सुमारें ११ मीटर असते. प्रेषक दर सेकंदाला सुमारें ५० वेळां लहान लहान ठोके पाठवितो. ठोका एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असला तर सुकाणू एका टोंकास वळतें, दोन हजारांशांएवढा असला तर दुसऱ्या टोंकास, आणि दीड हजारांश असला तर मधोमध राहतें. होडींतील ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, हे ठोके ओळखतो आणि सर्व्हो नांवाच्या लहानशा यंत्राला सांगतो. सर्व्होला तीन तारा असतात: एक धन, एक ऋण, आणि तिसरी हुकूम आणणारी. दुसरा हुकूम वेगनियंत्रकाकडे जातो, व तो मोठ्या मोटरला कमीअधिक प्रवाह देतो. प्रेषकांत व ग्राहकांत एकेक स्फटिक असतो. ही जोडी ठरलेली असून बहुतेक जुन्या संचांत ग्राहकाचा स्फटिक ४५५ किलोहर्ट्झनें कमी असतो. म्हणून साफसफाईसाठीं दोन्ही काढले, तर ते एकमेकांच्या जागीं बसवूं नयेत.

या सर्वांना शक्ति पुरविते ती बॅटरी. जुन्या होडींत निकेल-कॅडमियमचे सहा सेल ओळीनें जोडलेले असतात. एका सेलचा दाब १.२ व्होल्ट, म्हणून सहांचा ७.२ व्होल्ट. विजेचा प्रवाह लाल तारेनें निघतो, काम करतो आणि काळ्या तारेनें परत येतो. रहाटाची माळ जशी विहिरींत उतरून पुन्हां वर येते, तसाच हा फेरा आहे. माळेचा एक दुवा तुटला, तर बैल कितीही फिरले तरी पाणी येणार नाहीं. मुलें बहुधा लाल तारच तपासतात. परतीच्या काळ्या तारेकडे कोणी पाहत नाहीं, आणि दोष तेथेंच दडून बसतो.

होडींत या फेऱ्याच्या दोन शाखा होतात. त्या समजण्यास आपल्या मूर्तिजापूर जंक्शनाचें उदाहरण उत्तम आहे. मुंबई-नागपूर मार्गावरील या स्टेशनापासून शकुंतला रेल्वेचे दोन अरुंद फांटे निघाले, एक उत्तरेस अचलपूरकडे व दुसरा आग्नेयेस यवतमाळकडे. दोन रुळांमधील अंतर अवघें ७६२ मिलिमीटर. वाफेचीं इंजिनें या मार्गावर १९९४ पर्यंत होतीं. त्या काळीं अचलपूरची गाडी आली नाहीं आणि यवतमाळची मात्र वेळेवर आली, तर खोळंबा अचलपूरच्या फांट्यावर आहे, हें घरीं बसूनही सांगतां आलें असतें. दोन्हीकडच्या गाड्या सुटल्याच नाहींत, तर घोंटाळा जंक्शनावरच शोधावयाचा. होडींत बॅटरी व स्विच हें जंक्शन आहे. तेथून एक शाखा मोटरकडे जाते, दुसरी ग्राहक व सर्व्हो यांच्याकडे. सुकाणू वळतें पण पंखा फिरत नाहीं, तर दोष मोटरच्या शाखेंत. पंखा फिरतो पण सुकाणू वळत नाहीं, तर दोष सर्व्होच्या तारेंत किंवा त्याच्या दांत्यांत. कांहींच हलत नाहीं, तर बॅटरी, स्विच व प्रेषक यांच्याकडे आधीं पाहावें. एकही स्क्रू न काढतां नुसत्या विचारानें अर्धें काम होतें.

तारा बिघडतात कां? याचीं चार कारणें आहेत. पहिलें ओलावा. होडींत थोडें तरी पाणी शिरतेंच. त्यानें तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि हा थर वीज नीट जाऊं देत नाहीं. दुसरें कारण बॅटरीचें गळणें. निकेल-कॅडमियमच्या सेलमधील दाहक क्षार तारेच्या आवरणाखालून हळूहळू पुढें सरकतो व आंतील तांबें काळें करून टाकतो. बाहेरून तार लालभडक, चकचकीत दिसते, आणि आंत ती काळी ठिक्कर पडलेली असते. तिसरें कारण मोटरचा कंप. जेथें डाख संपतो आणि मोकळी तार सुरू होते, त्या ठिकाणीं तारेचे केंस एकेक करून तुटतात. चौथें कारण आपल्या वऱ्हाडाचें खास आहे. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि टिनांच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक उष्णता असते. तेथें वर्षानुवर्षें पडलेल्या तारेचें प्लास्टिक कडक होऊन वांकवितांच तडकतें.

येथें एक महत्त्वाची गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्या अज्ञानानें चांगलीं माणसेंही फसतात. मुलगा मीटर लावून पाहतो. मोटरच्या टोंकांशीं ७.२ व्होल्ट पूर्ण दिसतात, तरी जोडल्यावर मोटर फिरत नाहीं. तो म्हणतो, “मोटर जळाली!” आणि चांगली मोटर काढून फेंकतो. वस्तुतः मीटर फार थोडा प्रवाह घेतो, एका अँपियरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. एवढासा प्रवाह गंजलेल्या सांध्यांतूनही सुखानें जातो, म्हणून दाब पूर्ण दिसतो. मोटरला मात्र पुष्कळ प्रवाह लागतो. समजा, ती ६ अँपियर घेत आहे आणि वाटेंतील एका गंजलेल्या सांध्याचा रोध ०.३ ओहम आहे. ओहमच्या नियमाप्रमाणें ६ गुणिले ०.३, म्हणजे १.८ व्होल्ट त्या सांध्यांतच खर्च होतात. बॅटरीच्या दाबाचा चवथा हिस्सा तेथें गेला! शिवाय ६ गुणिले १.८, म्हणजे १०.८ वॉट इतकी उष्णता त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेंत उत्पन्न होते. सांधा तापतो, तापल्यानें आणखी गंजतो, गंजल्यानें त्याचा रोध आणखी वाढतो. नदीच्या पुलावरून एक माणूस चालत गेला म्हणून भरलेली बैलगाडी जाईलच असें म्हणतां येत नाहीं. पुलाची परीक्षा ओझें ठेवूनच करावी लागते. तारेचेंही तसेंच आहे.

आतां प्रत्यक्ष कामाला लागूं. हत्यारें थोडीं लागतात: एक साधा मल्टीमीटर, २५ वॉटचा डाख देण्याचा आयर्न, राळ भरलेली डाखाची तार, तार सोलण्याची पक्कड, लहान स्क्रू-ड्रायव्हर, जुना दांतांचा ब्रश, आणि कागद-पेन्सिल. यांपैकीं कागद-पेन्सिल सर्वांत आधीं हातीं घ्यावी. कोणती तार कोठून निघून कोठें जाते, याचा नकाशा काढावा. प्रत्येक टोंकास कागदाची चिठ्ठी बांधून तिच्यावर आंकडा घालावा. मोबाईलवर छायाचित्र घेणेंही चांगलें. पण नकाशा काढतांना डोळे जें पाहतात, तें छायाचित्र घेतांना पाहत नाहींत.

नंतर बॅटरी काढून बाजूस ठेवावी. तिच्यावर पांढरी पूड दिसली, सेल फुगलेले दिसले, तर ती पुन्हां भारित करण्याचा प्रयत्न करूं नये. कॅडमियम विषारी आहे; अशी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ न टाकतां वापरलेल्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानदाराकडे द्यावी. नवी बॅटरी त्याच दाबाची घ्यावी. निकेल-मेटल-हायड्राइडचे सहा सेल चालतात. चार्जर मात्र त्या जातीच्या बॅटरीचाच हवा. लिथियमची बॅटरी जुन्या चार्जरला लावल्यास आग लागूं शकते.

ज्या मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास गाडगेबाबांचें बालपण मामांच्या घरीं गेलें, तेथील मुलांना ‘आधीं झाडलोट, मग काम’ हें निराळें सांगावयास नको. प्रेषकांतील स्प्रिंगांवर सामान्य अल्कलाइन सेल गळून जो पांढरा थर बसतो, तो क्षारधर्मी असतो. सेल काढून कापसाच्या बोळ्यानें लिंबाचा रस किंवा व्हिनेगर अगदीं थोडा लावावा, थर विरघळल्यावर ओल्या फडक्यानें पुसावें, आणि शेवटीं आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून वाळूं द्यावें. कित्येक ‘मेलेल्या’ होड्या एवढ्यानेंच जिवंत होतात, कारण दोष होडींत नसून प्रेषकाच्या एका स्प्रिंगेंत असतो.

साफसफाईनें काम भागलें नाहीं, तर दोष शोधावयाचा. बॅटरी काढलेली असतांना मीटर सलगतेच्या खुणेवर ठेवून प्रत्येक तारेचीं दोन्ही टोंकें तपासावीं. तपासतांना तार हळूच हलवावी. मीटरचा आवाज मधूनच तुटला, तर आंतले केंस तुटले आहेत असें समजावें. एवढ्यानें दोष सांपडला नाहीं, म्हणजे ओझ्याखालची परीक्षा करावी. होडी पाण्याच्या टोपल्यांत किंवा टबांत ठेवून पंखा पाण्यांत राहील असें करावें, एकानें ती घट्ट धरावी आणि दुसऱ्यानें मोटर चालू करून मोजावें. मीटरची काळी सळई बॅटरीच्या ऋण टोंकावर ठेवावी आणि लाल सळई मोटरकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदीं मध्यावर लावावी. तेथें बॅटरीइतका दाब मिळाला, तर अलीकडची अर्धी वाट निर्दोष. दोष पुढच्या अर्ध्या वाटेंत. दाब कमी मिळाला, तर दोष अलीकडे. उरलेल्या भागाचा पुन्हां मध्य घ्यावा. वाटेंत १६ सांधे असले, तर पहिल्या मोजणीनंतर ८ उरतात, दुसरीनंतर ४, तिसरीनंतर २, आणि चौथ्या मोजणीला दोषी सांधा हातीं लागतो. शब्दकोशांत शब्द पाहतांना आपण हेंच करतों. पहिल्या पानापासून एकेक पान उलटीत बसत नाहीं. ३२ सांधे असले तरी एकच मोजणी वाढते. गणिताच्या तासाला शिकलेला दोनाचा घातांक येथें असा कामास येतो.

खात्रीसाठीं शेवटीं त्या एका सांध्याच्या दोन्ही बाजूंस दोन सळया ठेवून, मोटर चालू असतांना दाब मोजावा. चांगल्या सांध्यावर तो व्होल्टच्या शंभराव्या कांहीं भागांएवढाच दिसतो. तेथें अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला, तर चोर सांपडला. परतीच्या काळ्या वाटेचीही हीच परीक्षा घ्यावी.

दोषी तार बदलतांना एका वेळीं एकच बदलावी आणि लगेच तपासावें. पांच तारा एकदम सोडविणारा मनुष्य एका दोषाचे पांच करून ठेवितो. आंतून काळी पडलेली तार खरवडून जोडण्याच्या भरीस पडूं नये. तिला डाख धरीत नाहीं. ती समूळ काढून तेवढ्याच जाडीची, पुष्कळ बारीक केंसांची लवचिक नवी तार घालावी. मोटरच्या वाटेस जाड तार हवी, ग्राहकाच्या वाटेस बारीक चालते. जोडण्यापूर्वीं उष्णतेनें आवळणारी नळी तारेवर चढवून ठेवावी, कारण सांधा झाल्यावर ती चढवितां येत नाहीं. मग टोंकें सुमारें ५ मिलिमीटर सोलून, पीळ देऊन, आधीं एकमेकांत घट्ट गुंतवावीं. ६० भाग कथील व ४० भाग शिसें यांचा डाख सुमारें १९० अंश सेल्सिअसला वितळतो. आयर्न तारेखालीं धरून तार तापवावी आणि डाख तारेला लावावा. तो आपोआप केंसांमध्यें ओढला जातो. डाख आयर्नवर वितळवून थेंबासारखा थापला, तर सांधा वरून जाड व आंतून पोकळ राहतो. निवेपर्यंत हात हलवूं नये. पत्र्याच्या कामाला वापरतात तें आम्ल येथें मुळींच लावूं नये. तें मागें राहून तांबें खातें. तारेसाठीं राळच योग्य. डाखांत शिसें असल्यामुळें खिडकीजवळ बसून काम करावें आणि नंतर साबणानें हात धुतल्यावांचून कांहीं खाऊं नये.

बॅटरीच्या लाल तारेंत एक फ्यूज असावाच. मोटारगाड्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळणारा १० अँपियरचा पात्याचा फ्यूज बहुतेक होड्यांना पुरतो. ७.२ व्होल्टनें शॉक बसत नाहीं, म्हणून ही बॅटरी निरुपद्रवी आहे असें मात्र समजूं नये. तिचीं दोन टोंकें एकमेकांस भिडलीं, तर क्षणांत कित्येक अँपियर प्रवाह वाहून तार लाल होते. काम करतांना बोटांतील अंगठी व हातांतील कडें काढून ठेवावें, तें याचसाठीं.

तारा सुधारल्यावरही कधीं कधीं एक चमत्कारिक प्रकार दिसतो. मोटर थांबलेली असतांना सुकाणू शहाण्यासारखें वागतें, आणि मोटर सुरू होतांच थरथरूं लागतें. याचें एक कारण वर सांगितलेंच आहे: सांध्यांत दाब खर्च होऊन ग्राहक उपाशी राहतो. दुसरें कारण मोटरच्या ठिणग्या. मोटरच्या आंत कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्यावर घासतात व सारख्या बारीक ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओ-लहरी निघतात. बोस यांच्या काळांत लहरी उत्पन्न करण्याचें साधन म्हणजे ठिणगीच होती. त्या वेळीं जी ठिणगी निरोप नेत असे, तीच आज निरोपांत गोंगाट घालते. उपाय असा कीं, ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर मोटरला डाखावे; एक दोन टोंकांमध्यें, आणि उरलेले दोन प्रत्येक टोंकापासून मोटरच्या पत्र्याच्या अंगाशीं. जुन्या होडींत हे बहुधा असतात, पण त्यांचा पाय तुटलेला असतो. तसेंच ग्राहकाची लांब बारीक तार, म्हणजे एरियल, जास्त वाटली म्हणून कापूं नये व गुंडाळूंही नये. ती मोटरच्या तारांपासून दूर नेऊन डोलकाठीवर उंच चढवावी. पाण्याखालीं बुडालेल्या एरियलपर्यंत लहरी नीट पोंचत नाहींत.

पाण्यापासून तारांचें रक्षण करण्याची युक्ति घरांतील विजेच्या जोडणीवरूनच घ्यावी. तार पेटींत शिरण्यापूर्वीं तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं गळून पडतें आणि पेटींत जात नाहीं. बॅटरी जड असल्यामुळें ती तळाशीं असावी. ग्राहक उंच बसवावा. प्लगांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. भेगा बुजविण्याचें जें सिलिकोन वाळतांना व्हिनेगरसारखा वास देतें, तें तांब्याच्या सांध्याजवळ वापरूं नये. त्यांतील आम्लानें आपणच सांधा गंजवूं.

आतां चांचणी. नेहमीं प्रेषक आधीं चालू करावा व होडी मागाहून. बंद करतांना उलट क्रम. असें न केल्यास मधल्या वेळांत होडी भलताच हुकूम घेऊन पंखा फिरवूं लागते. प्रथम जमिनीवर, प्रेषकाचा एरियल मिटलेला ठेवून वीस-तीस पावलें दूर जावें आणि सुकाणू हुकुमाप्रमाणें वळतें कीं नाहीं, तें पाहावें. पंखा मात्र कोरडा फार वेळ फिरवूं नये. त्याचा दांडा ज्या नळींतून जातो, ती तापते. त्या नळींत ग्रीस भरलेलें असावें, कारण पाणी बहुधा तेथूनच शिरतें. नंतर टबांत, आणि सर्वांशेवटीं उघड्या पाण्यावर.

या उघड्या पाण्याविषयीं पालकांस व मुलांस कळकळीची सूचना आहे. हल्लीं आपल्या भागांत जागोजागीं शेततळीं झालीं आहेत. त्यांत अंथरलेलें प्लास्टिक ओलें झालें म्हणजे इतकें निसरडें होतें कीं, चांगल्या पोहणाऱ्यासही वर चढतां येत नाहीं. मधोमध बंद पडलेली होडी आणण्यासाठीं कोणत्याही मुलानें शेततळ्यांत, विहिरींत वा नदीच्या डोहांत उतरूं नये. होडीच्या मागील कडीला मासे धरण्याची नायलॉनची बारीक दोरी बांधावी, ती पंख्यांत गुंतणार नाहीं अशी बेतानें सोडावी, आणि होडी अडली तर ओढून घ्यावी. दोरी तुटली, तर होडी जाऊं द्यावी. जवळ एक वडील मनुष्य असल्यावांचून हा खेळ खेळूंच नये.

पालकांना आणखी एक विनंती. मुलानें जुनें खेळणें उघडलें म्हणून त्याला रागावूं नये. कागदावर नकाशा काढला आहेस काय, एवढेंच विचारावें. कारण या होडींत तो जें शिकतो, तें मोठ्या कामाचें आहे. शेतांतील पंपाची मोटर घुमते पण उचलत नाहीं, घरांतील एक पंखा मंद फिरतो, प्लगचें भोंक तापून काळें पडतें. या सर्वांच्या मुळाशीं बहुधा तोच एक सैल किंवा गंजलेला सांधा असतो. हातानें पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारेनें गोठे पेटतात व माणसेंही दगावतात. अर्थात् २३० व ४१५ व्होल्टच्या तारांना मुलांनीं कधींही हात लावूं नये. तें काम परवानाधारक वीजतंत्र्याचें आहे. परंतु सांधा कां तापतो हें ज्या मुलाला होडींत कळलें, तो घरांतील तापलेला प्लग पाहून गप्प बसणार नाहीं. मुख्य स्विच बंद करावयास सांगेल आणि वीजतंत्र्याला बोलावील. त्याच्या या एका बोलण्यानें घर वांचूं शकतें.

ज्यांना या विद्येची गोडी लागेल, त्यांना पुढें वाटही मोकळी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री हे व्यवसाय शिकवितात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागांत जहाजांच्या प्रतिकृति तयार करण्याच्या स्पर्धा होतात. भारतीय नौदलाची आय्. एन्. एस्. वलसुरा ही संस्था जामनगर येथें आहे. तेथें जहाजावरील विजेच्या यंत्रणेचें शिक्षण दिलें जातें. मोठ्या युद्धनौकेंतील तारा मैलोगणती लांब असल्या, तरी तेथेंही प्रवाह निघतो आणि परत येतो, सांधे गंजतात, आणि दोष मध्यापासून अर्धा अर्धा करून शोधावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूंत दोष कोठें तरी असतोच. तो सगळीकडे पसरलेला नसतो. “सारेंच बिघडलें” असें जो म्हणतो, तो वस्तु टाकून देतो. “कोठें बिघडलें?” असें जो विचारतो, तो कागद घेऊन बसतो, एकेक शाखा वेगळी करतो, आणि चार मोजण्यांत त्या जागेवर बोट ठेवतो. या सुटीत माळ्यावर चढून पाहा. होडी सांपडली तर उत्तमच. न सांपडली तर बंद पडलेला टॉर्चही या अभ्यासाला पुरेसा आहे.